बाल-शोकांतिका आणि वडीलधाऱ्यांचे मौन

काही ग्रंथांच्या नशिबी दोन प्रकारचे गैरसमज लिहिलेले असतात. प्रथम ते बीभत्स म्हणून दूर लोटले जातात. पुढे काळ पालटला म्हणजे तेच ग्रंथ उपयुक्त, बोधप्रद आणि शाळेत लावण्याजोगे ठरतात. पहिल्या वेळी वाचक त्यांस शिवत नाही, दुसऱ्या वेळी शिवतो तो केवळ धडा घेण्यासाठी. आणि दोन्ही वेळा ग्रंथकाराचे खरे म्हणणे बाजूसच राहते. फ्रांक व्हेडेकिंड या जर्मन नाटककाराच्या ‘फ्र्यूलिंग्स एरवाखेन’ म्हणजे ‘वसंताची जाग’ या नाटकाची हकिगत अशीच आहे. १८९० च्या शरदापासून १८९१ च्या ईस्टरपर्यंतच्या काळात ते लिहून झाले आणि त्याच वर्षी झुरिच येथे छापले गेले. परंतु रंगभूमीचे दर्शन होण्यास त्यास पंधरा वर्षे थांबावे लागले. माक्स राइनहार्ट याने २० नोव्हेंबर १९०६ रोजी बर्लिन येथे त्याचा पहिला प्रयोग केला, तोही काटछाट करून. न्यूयॉर्क येथे १९१७ साली अधिकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली, आणि न्यायालयाच्या हुकुमाच्या आधाराने एकच प्रयोग होऊ शकला. लंडनच्या प्रेक्षकांस नाटकाची अखंड संहिता पाहावयास १९७४ साल उजाडावे लागले. यानंतर २००६ साली तेच नाटक ब्रॉडवेवर संगीताचा साज लेऊन आले आणि दुसऱ्याच वर्षी टोनी पारितोषिकांचे मानकरी झाले.

स्वतः व्हेडेकिंड आपल्या हयातीतच या नशिबाविषयी तक्रार करून गेला आहे. आपले नाटक आधी लोकांनी निव्वळ घाण मानले, राइनहार्टच्या प्रयोगानंतर ते रूक्ष पंतोजीपणाचा नमुना मानू लागले, पण त्यातला विनोद मात्र कोणीच पाहावयास तयार नाही, असा त्याचा आशय होता. ही तक्रार आमच्या मते सर्वस्वी खरी आहे. ती ध्यानात ठेवून नाटक वाचले, तर किशोरवयातील मुलामुलींस शरीरधर्माचे ज्ञान द्यावे की न द्यावे या आपल्याकडे वारंवार उठणाऱ्या वादावरही निराळाच प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

नाटकाचे कथानक थोडक्यात असे आहे. जर्मनीतील एका लहानशा गावात चौदा-पंधरा वर्षांची काही मुले आणि मुली वाढत आहेत. व्हेंडला बेर्गमान या मुलीस चौदा वर्षे पूर्ण झाली आहेत. बहिणीला तिसरे मूल झाले म्हणून ती मूल कसे होते हे आईला विचारते, आणि आई तिला करकोच्याची गोष्ट सांगते. मोरिट्झ श्टीफेल हा मुलगा अभ्यासाच्या ओझ्याने आणि देहात चाललेल्या, नाव ठाऊक नसलेल्या खळबळीने पिळून निघाला आहे. वरच्या वर्गाच्या खोलीत साठच मुले मावतात, म्हणून सात जणांस नापास होणे भागच आहे, हा हिशेब त्याच्या मनातून जात नाही. त्याचा हुशार मित्र मेल्खिओर गाबोर याला सारे ठाऊक आहे; तो मित्रासाठी वीस पानांचा सचित्र निबंध लिहून देतो. पुढे मोरिट्झ नापास होतो आणि आपल्या जीविताचा अंत करून घेतो. निबंध त्याच्या कागदपत्रांत सापडतो. मेल्खिओर शाळेतून काढला जातो व सुधारगृहात धाडला जातो. मेल्खिओरपासून व्हेंडलाला दिवस गेलेले असतात. ‘आपल्याला मूल होणार’ हे तिला आईच्या तोंडूनच कळते, आणि गर्भपाताच्या औषधांनी तिचा मृत्यू होतो. ‘बाल-शोकांतिका’ हे उपनाम नाटककाराने स्वतः दिलेले आहे.

एवढ्यावरून वाचकांस असे वाटेल की, ‘अज्ञानाने मुले मेली, सबब त्यांस ज्ञान द्या’ हेच या नाटकाचे तात्पर्य. सुधारकी वृत्तीचे बहुतेक टीकाकार येथेच थांबतात. परंतु हे तात्पर्य खरे मानावयाचे तर नाटकाचा अर्धा भाग झाकून ठेवावा लागेल. कारण व्हेंडला ज्याच्यामुळे प्राणास मुकते तो मेल्खिओर अज्ञानी नाही. संबंध गावातल्या पोरांत शरीरशास्त्राचे ज्ञान जर कोणास असेल तर ते त्यालाच आहे. आणि याच मुलाचे तत्त्वज्ञान असे की, प्रेम म्हणून जगात काही नाही, जो तो आपल्यापुरता पाहतो. गवताच्या माळ्यावर व्हेंडला ‘नको’ म्हणत असताना तो तिला हेच ऐकवतो. त्याच्या ज्ञानात इंद्रियांची रचना आहे, पण समोरच्या माणसाचे मन नाही. ज्या एकाच मुलाजवळ विद्या आहे त्याच्याच हातून सर्वांत मोठा अनर्थ घडवून नाटककाराने आपले नाटक प्रचारपत्रिकेच्या कोटीतून कायमचे बाहेर काढले आहे.

मोरिट्झच्या बाबतीतही सूक्ष्म पाहिले पाहिजे. त्याने घरचा विश्वकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला आहे, आणि त्याची तक्रार अशी की त्यात शब्द आणि शब्दच आहेत, जो प्रश्न सर्वांत जवळचा त्याचे उत्तर तेवढे नाही. मेल्खिओर सर्व समजावून सांगावयास तयार असतो. पण समोरासमोर ऐकण्याची त्यास लाज वाटते, म्हणून ‘लिहून दे आणि माझ्या पुस्तकांत सरकवून ठेव’ अशी तो विनवणी करतो. म्हणजे माहिती मिळते ती चोरट्या मालासारखी. अशी माहिती डोक्यातील भीती कमी करीत नाही, उलट तीत भर घालते. ज्ञान कोणते यापेक्षा ते कोणाच्या तोंडून, कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने येते हे अधिक महत्त्वाचे आहे. नाटकातील सर्व दुःखाचा उगम आम्हांस येथे दिसतो.

या दृष्टीने नाटकातल्या दोन माता परस्परांशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. व्हेंडलाची आई प्रेमळ आहे. मुलीच्या झग्याची लांबी किती असावी याची चिंता तिला रात्रंदिवस आहे. मुलगी हट्टाने विचारू लागते तेव्हा ती लाजेने कासावीस होते. मुलीच्याच विनवणीवरून तिचे तोंड आपल्या पदराखाली, म्हणजे तिकडच्या रीतीप्रमाणे पुढच्या वस्त्राखाली, झाकून ती कसेबसे सांगते की, मूल व्हावयास नवऱ्यावर अगदी जिवापाड, सगळ्या हृदयाने प्रेम करावे लागते, आणि तुझ्या वयाला ते प्रेम शक्य नाही. यात एक अक्षर खोटे नाही आणि एक अक्षर उपयोगाचे नाही. मुलगी ते अक्षरशः खरे धरते. म्हणूनच पुढे अंथरुणावर पडलेली असताना, आपले लग्न झालेले नाही, आईखेरीज आपण कोणावर असे प्रेम केलेले नाही, मग मूल कसे, हा तिचा प्रश्न प्रेक्षकाच्या काळजाला घरे पाडतो. ‘तू मला सर्व का सांगितले नाहीस’ या तिच्या आक्रोशास आईजवळ एकच उत्तर आहे: माझ्या आईने माझ्याशी जसे केले तसेच मी तुझ्याशी केले. या एका उत्तरात पिढ्यांचे मौन साठले आहे. व्हेडेकिंडने या बाईस दुष्ट रंगविलेले नाही हे त्याचे मोठेपण होय. दुष्टाला शासन करता येते. परंपरेने मुकी झालेल्या मायेस काय करावे?

मेल्खिओरची आई हिच्या नेमकी उलट. ती सुशिक्षित, उदार, मुलावर विश्वास टाकणारी आहे. मुलाच्या हातात ‘फाउस्ट’ पाहून तिला जरा वावगे वाटते, पण काय वाचावे याचा निवाडा ती त्याच्यावरच सोपवून निघून जाते. वरवर पाहता ही आदर्श माता. पण नीट पाहिले तर तीही बोलत नाही. एकीने मौन धरले, दुसरीने आपल्या वाटचे बोलणे पुस्तकांवर सोपविले, इतकाच भेद. मोरिट्झ अमेरिकेस जाण्याच्या भाड्यासाठी तिच्याकडे हात पसरतो तेव्हा ती गोड, समंजस पत्र लिहून नकार देते. आणि मुलाने व्हेंडलाला लिहिलेले पत्र नवऱ्याने पुढे ठेवताच, इतका वेळ त्याची बाजू लढविणारी ही बाई क्षणात कोसळते व सुधारगृहास संमती देते. आधुनिक पालकांनी स्वतःला व्हेंडलाच्या आईत शोधू नये, या दुसऱ्या आईत शोधावे असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

आता विनोदाविषयी. तिसऱ्या अंकाच्या आरंभी गुरुजनांची सभा भरते. त्यांची नावेच पाहा: एकाच्या नावाचा अर्थ ऊन लागणे, दुसऱ्याच्या नावाचा हाडमोड, तिसऱ्याच्या नावाचा माशीचे मरण. एक विद्यार्थी मेला आहे, दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल लावावयाचा आहे. आणि विद्वान मंडळी कोंदट खोलीतली एक खिडकी उघडावी की उघडू नये यावर वाद घालीत बसली आहेत. मुख्याध्यापकास चिंता आहे ती इतकीच की आत्महत्यांची साथ म्हणून वरून शाळाच बंद व्हावयाची. मेल्खिओरला आत बोलावले जाते, त्याने ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणावयाचे असते. ‘या निबंधात असभ्य असा एक शब्द दाखवा’ ही त्याची मागणी कोणी कानांवरसुद्धा घेत नाही. खिडकीवरील हा वाद हास्यास्पद खरा, पण तो वाया जाणारा विनोद नव्हे. कोंडलेली हवा आणि कोंडलेले बोलणे या दोहोंचा संबंध नाटककार एकही उपदेशाचे वाक्य न वापरता जोडून देतो. उपदेशाने माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवितो. हसू मात्र अनेकदा स्वतःवरच उलटते.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत विदारक प्रवेश म्हणजे व्हेंडलाच्या दुखण्याचा. तिला तपासणाऱ्या डॉक्टराचे नाव सोड्याच्या पुडीवरून ठेवलेले आहे. तो पांडुरोगाचे निदान करतो व लोहाच्या गोळ्या देतो. डॉक्टरास ठाऊक, आईस ठाऊक, गावातील गर्भपात करविणाऱ्या म्हातारीस ठाऊक. जिचे शरीर तिलाच काय ते ठाऊक नाही. मृत्यूनंतरही थडग्यावरील दगडात पांडुरोगच कोरला जातो, आणि त्याखाली निर्मळ अंतःकरणाच्या लोकांविषयीचे एक धर्मवचन. खोटे निदान दगडात कोरले म्हणजे मृत्यूच्या नोंदीही खोट्या होतात, आणि रोगच नोंदला गेला नाही तर त्यावर उपाय कोण शोधणार? शेवटच्या प्रवेशात मुखवटा घातलेला गृहस्थ मेल्खिओरला स्पष्ट सांगतो की, मुलीची प्रकृती धडधाकट होती, बाळंतपण सुखरूप झाले असते. ती मेली ती केवळ त्या औषधांनी. म्हणजे निसर्गाने तिचा बळी घेतला नाही, अब्रूच्या भीतीने घेतला. नाटककार एका वैद्याचा मुलगा होता, याची येथे आठवण होते.

या नाटकात दोष नाहीत असे नाही. माळ्यावरच्या प्रवेशानंतर व्हेंडला बागेत एकटी येते तेव्हा तिच्या मुखी एक प्रकारचा आनंद घातला आहे. नाटककाराने तिच्या ‘नको’चे गांभीर्य येथे स्वतःच कमी केले असे आम्हांस वाटते. २००६ च्या संगीत रूपात हा प्रसंग परस्पर-संमतीचा करून घेतला आहे. त्याने तो सुसह्य झाला, पण ‘जाणता मुलगा अधिक दोषी’ हे मूळचे कठोर सत्य गमावले. दुसरा दोष शेवटाचा. स्मशानात मोरिट्झचे प्रेत आपले मस्तक काखेत धरून मित्राला मृत्यूकडे बोलावते, आणि मुखवटेधारी गृहस्थ त्यास जीवनाकडे ओढून नेतो. पहिल्या प्रयोगात ही भूमिका व्हेडेकिंडने स्वतः केली, आणि नाटकही त्याने याच मुखवटेधाऱ्यास अर्पण केले आहे. कल्पना अद्भुत आहे. परंतु हा मार्गदर्शक येतो तो मुलासाठी; व्हेंडलासाठी असा कोणीही येत नाही, तिला थडग्याबाहेर एक शब्दही बोलावयास मिळत नाही. नाटककाराने मुलींस मौनातून पुरते सोडविले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

हे सर्व जर्मनीचे झाले, त्याचे आपणांस काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या १८९१ साली हे नाटक छापले गेले त्याच साली आपल्याकडे संमतिवयाचा कायदा झाला. कलकत्त्याची अकरा वर्षांच्या आतबाहेरची फुलमणी दासी पतिसमागमाने मरण पावली, त्यावर १८९० साली खटला झाला, आणि संमतीचे वय १० वरून १२ वर्षांवर नेण्याच्या प्रस्तावाने महाराष्ट्रात आगरकर व टिळक हे दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. बर्लिन-झुरिचकडे मुलीला काही सांगावयाचे नाही म्हणून ती मेली, इकडे तिला काही विचारावयाचे नाही म्हणून. दोहोंकडे वाद थोरांचा आणि देह पोरीचा.

पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवर. बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले, तरीही दंड झालाच. कर्व्यांचे गद्य गणिताच्या प्राध्यापकास शोभेल असे कोरडे व नेमके आहे, त्यात अलंकार नाहीत. पण लोक विचारतात आणि एक प्रौढ माणूस न लाजता, न चिडता उत्तर देतो, हा व्यवहारच मराठीत नवा होता. मोरिट्झला विश्वकोशात जे मिळाले नाही ते हेच.

आणि अगदी अलीकडील उदाहरण पाहावयाचे तर रवि जाधव यांच्या २०१३ सालच्या ‘बालक-पालक’ या बोलपटाचे घ्यावे. चाळीतील एक ताई दिवस गेल्यामुळे घर सोडून जाते. मोठी माणसे एवढेच म्हणतात की तिने शेण खाल्ले. चार मुले या शब्दाचा अर्थ हुडकू लागतात आणि अखेर चोरून आणलेल्या चित्रफितींपाशी पोचतात. जर्मन आईने करकोचा आणला, मराठी आईने शेण आणले. पक्षी गेला, शिवी आली, उत्तर मात्र दोहोंत नाही. कलादृष्ट्या या चित्रपटाची पायरी व्हेडेकिंडच्या बरीच खाली आहे. शेवटास एका समंजस वडीलधाऱ्याकडून सर्व गाठी सोडवून घेण्याचा मोह त्यास आवरला नाही. तथापि विनोदाच्या द्वारे विषयास हात घालण्याचे धैर्य, आणि मूल मुळात शब्दाच्या शोधात असते हे निरीक्षण, या दोन गोष्टींत तो त्या नाटकाचा दूरचा नातलग ठरतो.

या चित्रपटापूर्वी सहाच वर्षे, २००७ साली, ‘किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमा’च्या पुस्तिकांवरून आणि चित्रांवरून गदारोळ होऊन महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांतून थांबविला होता. विरोधकांचे म्हणणे असे की, सांगितल्याने मुले बिघडतील. या भीतीस पुरावा नाही. युनेस्कोने २००९ साली काढलेल्या आणि २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन असे शिक्षण मुलांस उतावीळ करीत नाही असाच निष्कर्ष दिला आहे. परंतु समर्थकांसही आमचे एक सांगणे आहे. केवळ आकृत्या आणि रोगांची यादी वर्गात वाटून कर्तव्य संपले असे मानणे म्हणजे मेल्खिओरचा सचित्र निबंध सरकारी छापखान्यात छापणे होय. त्या निबंधात चुकीचे काही नव्हते. त्यात दुसऱ्याच्या ‘नको’स काय किंमत द्यावी हे नव्हते, भीती वाटल्यास कोणाकडे जावे हे नव्हते, आणि तो हाती देणारा मुलगा स्वतःच पोर होता. शिक्षण द्यावेच, पण जो ते देतो त्यास मुलांसमोर बसून, त्यांच्या भाषेत, न लाजता बोलता आले पाहिजे, आणि शाळेतून घरी आलेल्या प्रश्नास घरातही तोंड उघडे सापडले पाहिजे.

व्हेडेकिंडचे नाटक याचा पाठ देत नाही. तो ज्याने-त्याने काढावयाचा आहे. ते इतकेच दाखविते की, गुरुजन खिडकीवर वाद घालीत होते तेव्हा दोन मुले मेली. मराठी रंगभूमीने हे नाटक मूळच्या धारेसह, विनोद न वगळता आणि व्हेंडलाचा ‘नको’ बोथट न करता हाती घ्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र प्रयोग पाहावयास मुलांना एकटे धाडू नये. आईबापांनी सोबत जावे, आणि परतताना वाटेत मुलाने काही विचारले तर उत्तर द्यावे.